घासाघीस

भाईंदरजवळच्या आमच्या तारोडीत पावसाळ्यात बुरशी कशाला येईल याचा नेम नसतो. चपलांना येते, पंचांगाला येते, माझ्या लग्नाच्या कोटाला तर वाढदिवसासारखी न चुकता दरवर्षी येते. पण रोज गरम पाण्यानं, साबणानं न्हाणाऱ्या डिशवॉशरला बुरशी येईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

२०२०च्या टाळेबंदीत भांड्यांना मावशी येईनात, तेव्हा हे यंत्र घरात आलं. अमेरिकेत जोसेफिन कॉक्रन बाईंनी १८८६ साली त्याचं पेटंट घेतलं, तेही नोकरांच्या हातून उंची बश्यांचे टवके उडत म्हणून. आमच्याकडे स्टीलची ताटं. टवक्यांचा प्रश्नच नव्हता. आईनं यंत्राला हळदकुंकू वाहिलं आणि विचारलं, "हे भांडी घासेल. याला कोण घासणार?" आम्ही हसलो. आता ती हसते.

सुरुवात वासानं झाली. शेजारच्या उत्तनला कोळ्यांच्या वलांडीवर बोंबील सुकत असतील, असं म्हणून दोन आठवडे मी उत्तनला दोष दिला. शेवटी बायको म्हणाली, "अहो, पावसात बोंबील कोण सुकवतं?"

दार उघडून गुडघे टेकले. दाराच्या खालच्या कडेला, रबरी पट्टीच्या घडीत, काळा बुळबुळीत थर. तिथं फवारा पोचत नाही. ओशटपणा मात्र बरोबर पोचतो. तळाची जाळी काढली, तर तिच्यात खोबऱ्याचा चोथा, शितांचा लगदा, कोळंबीच्या मिश्या आणि बायकोच्या कुड्याची दोन वर्षांपूर्वी हरवलेली फिरकी. त्या फिरकीवरून माझ्या बहिणीच्या मुलांचे खिसे तपासले गेले होते. त्या दिवशी आम्ही तिला सहज म्हणून फोन केला.

मग युद्ध. वरच्या ट्रेमध्ये वाटीभर व्हिनेगर ठेवून सगळ्यांत गरम पाण्यावर मशीन रिकामंच फिरवलं. पंधरा दिवसांत थर हजर. दुसऱ्या वेळी व्हिनेगरच्या जोडीला ब्लीच ओतायला निघालो, तर बायकोनं हात धरला. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बुरशीच्या आधी आपण जायचे. शेजारच्या चौक गावातला धारावीचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेनं घेतला, त्यानंतर पोर्तुगीज काही तिथं परतले नाहीत. माझा शत्रू दर पंधरवड्याला परतत होता.

"मीठ घाल," आई म्हणाली. "खारातल्या लोणच्याला कुठं बुरशी येते?"

मीठ आधीच होतं. बोअरच्या पाण्याचा जडपणा घालवायला यंत्राला वेगळं जाड मीठ लागतं, ते मी कुरियरनं मागवतो. हे कळल्यावर आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मिठागरांचं भाईंदर, आणि तू मीठ टपालानं आणतोस?"

तरी मिठाचाही उपयोग नव्हता. स्लोव्हेनियातल्या संशोधकांनी १८ देशांतली १८९ डिशवॉशर तपासून २०११ साली निष्कर्ष छापले. ६२ टक्के यंत्रांच्या रबरी पट्टीत बुरशी निघाली, आणि निम्म्याहून जास्त यंत्रांत एक्सोफियाला नावाची काळी यीस्ट. ही बया उष्णता सोसते, साबण सोसते, खारटपणाही सोसते. हे मी मोठ्यानं वाचून दाखवलं. "म्हणजे तुझ्या आत्यासारखी," आई म्हणाली.

पण तोड आईनंच काढली. "घागर घासली की आपण पालथी घालतो, झाकण लावून ठेवत नाही. हे भिजलेलं आणि तुम्ही त्याचं दार घट्ट लावता. नांदेल नाही तर काय करेल?"

जुना टूथब्रश घेतला. पट्टीची घडी उलगडून घासली, जाळी खायच्या सोड्यानं चोळली, कडा फडक्यानं टिपून कोरड्या केल्या. तेव्हापासून दर रविवारी जाळी धुतो आणि मशीन थांबलं की दार सताड उघडं ठेवतो. त्या दारावर माझी नडगी तीनदा फुटली, पण थर परतला नाही.

परवा मात्र पुन्हा तोच वास आला. काळजात धस्स झालं. वाकून पाहिलं तर पट्टी लख्ख, जाळी लख्ख. वरच्या ट्रेमध्ये सादळलेले बोंबील ओळीनं निजले होते.

"तारा आहेत, वारा आहे, वर छप्पर आहे," आई म्हणाली. "अशी वलांडी उत्तनलासुद्धा नाही."

"आणि भांडी?"

"मोरीत आहेत. ब्रश तुझ्या हातात आहेच."