गळबहाद्दर

भिगवणपाशी भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर रविवारी पहाटे हा गाडीतून उतरला, की मासे धरायला आलाय की मोबाईलचा टॉवर उभारायला, असा प्रश्न पडतो. कार्बनचे रॉड, जपानी रील, खिशांना खिसे असलेलं जाकीट. गांडूळ मात्र जाकिटात नाही. ते बायकोच्या श्रीखंडाच्या डब्यात.

भाजी किलोत, सोनं तोळ्यात आणि मासा पौंडात, हे त्याचं मोजमाप. किलोत सांगितलं की मासा निम्म्याहून खाली येतो, ते त्याला सोसत नाही. म्हैसूरला वाघ-बिबट्यांत पेंढा भरणाऱ्या घराण्यातल्या व्हॅन इंगेन यांनी 1946 साली कबिनी नदीत 120 पौंडांचा महाशीर धरला. हे नाव घेताना तो गवयासारखा कानाच्या पाळीला हात लावतो. कावेरीवर रागीच्या गोळ्याला आपल्यालाही एक लागला होता, हे ओघाने येतंच. तो महाशीर दर पावसाळ्यात थोडा वाढतो. आता तिथल्या अभयारण्यात गळ टाकायला बंदी आहे, त्यामुळे त्याच्या वाढीला आडकाठी उरलेली नाही.

महाडजवळच्या वाळणकोंडीत महाशीर देवीचे, त्यांना कुणी हात लावत नाही. लोक चुरमुरे टाकतात, हाही टाकतो; पण मासा वर आला की उजवं मनगट आपोआप रील फिरवू लागतं. "अहो, निदान देवीसमोर तरी!" बायको कोपर मारते.

धरलेला मासा सोडायचा, हे याचं व्रत. आधी फोटो: दोन्ही हात कॅमेऱ्याकडे असे ताणलेले, की वीतभर चिलापीही मगरीएवढी दिसावी. मग तिला ओल्या हातांनी पाण्यात धरून, दम खाऊ देऊन, "जा बाळा" म्हणत निरोप. आता ही चिलापी मूळची आफ्रिकेची. 1952 साली भारतात आली आणि उजनीत अशी माजली, की इथल्या माशांना जागा उरेना. नदीचं भलं करायचं तर नेमकी हीच कढईत जायला हवी. पण व्रताला अपवाद नसतो.

पलीकडे भोयाचा पोरगा बसलेला असतो, पाण्याच्या रिकाम्या बाटलीला दोरा गुंडाळून. हा सोहळा तो मुकाट्याने बघतो. तिसऱ्या चिलापीला मात्र त्याला राहवत नाही.

"काका, सोडायचीच हाय ना? मग हिकडं सोडा की," म्हणत तो पाटी पुढे सरकवतो.