ज्ञात-अज्ञात माशी

आभार मानायला उभा राहिलो की मला लोकांच्या पाठी दिसतात. अध्यक्षांना तोंडं दिसतात, प्रमुख पाहुण्यांना टाळ्या वाजवणारे हात दिसतात, माझ्या वाट्याला पाठी. 'आता आभारप्रदर्शन' एवढं माइकवरून ऐकू यायचा अवकाश, की पुढच्या रांगेतले धोतर झटकतात, बाया पोरांच्या चपला शोधतात आणि मंडपवाला मागून खुर्च्या एकात एक घालायला लागतो. त्या खडखडाटाच्या वर आवाज काढून गेली सव्वीस वर्षं मी आमच्या भागात आभार मानतोय. यात्रा, कुस्त्यांचा आखाडा, काल्याचं कीर्तन, क्रिकेटचे सामने. सूत्रसंचालक पुण्याहून येतो, पाहुणे मुंबईहून येतात, आभार मात्र गावचेच लागतात. कुणाचं नाव कुणाच्या आधी घेतलं तर रात्री पत्र्यावर दगड पडतील, हे बाहेरच्याला कसं कळणार?

लोक मला 'आभारे गुरुजी' म्हणतात. त्यात आदर किती आणि थट्टा किती, ते मी काढून बघितलेलं नाही. दुधाचं फॅट काढतात तसं हे काढायचं यंत्र अजून डेअरीत आलेलं नाही, हे माझं नशीब.

माझी आभाराची रीत दौंडची. नोकरीची अठरा वर्षं तिथे गेली आणि कान स्टेशनावर राहिला. पूर्वी पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला आली की इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडत. खिडकीतून पुढे बघत आलेला माणूस मागे बघत पुढे जायचा. माझे आभारही असेच. ग्रामदैवतापासून निघतात, मंडपवाल्यापर्यंत येतात, तिथे इंजिन फिरतं आणि राहिलेल्या देणगीदारांसाठी गाडी उलटी सुटते. तोवर श्रोते दुसऱ्या गाडीने घरी पोचलेले असतात.

माझा खरा बहर बैलगाडा शर्यतींत. घाटावर दोन दिवस बाऱ्या पळतात, आणि बक्षिसं आता मोटारसायकलवरून बोलेरो, ट्रॅक्टर, जेसीबीपर्यंत गेली आहेत. जेवढं बक्षीस मोठं, तेवढे सौजन्यवाले जास्त आणि तेवढा मी लांब. पण मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून पुन्हा परवानगी दिली. मधल्या साडेसात वर्षांत बैलांचं काय झालं, गाडामालकांचं काय झालं, यावर पुष्कळ छापून आलं. घाटावर आभार मानणाऱ्याचं काय झालं, हे एकाही पत्रकाराने विचारलं नाही. मी घरात सराव चालू ठेवला होता. एकदा जेवताना पिठलं-भाकरीचे आभार मानायला लागलो तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढं बोलण्यापेक्षा ताट उचलून मोरीत ठेवा."

आमच्या धंद्यातलं सगळ्यात भारी वाक्य म्हणजे, 'त्यांचे आभार न मानता मी त्यांच्या ऋणातच राहणं पसंत करतो.' ऊसपट्ट्यात हे फार चालतं. सोसायटी, बँक आणि पतपेढी असं तीन ठिकाणचं ऋण अंगावर असलेल्या माणसाला कुणीतरी चौथं ऋण खुशीने घेतंय हे ऐकून बरं वाटतं.

तर अशा मुरलेल्या माणसाकडे गेल्या दिवाळीत माझा पुतण्या आला. तो अमेरिकेत असतो. तिकडे रविवारी नदीत कमरेपर्यंत उभं राहून मासे धरतो आणि परत पाण्यात सोडून देतो. त्याने मला गळ घातली, "काका, आपल्याकडे फ्लाय फिशिंगची स्पर्धा घेऊ. स्वयंसेवक मी गोळा करतो, स्पॉन्सर तुम्ही बघा. आणि आभार तुम्हीच मानायचे."

शेवटच्या वाक्याला मी गळाला लागलो. आमिष कुठलं लावायचं हे पोराला बरोबर कळलं होतं.

वरवर मात्र मी म्हणालो, "फ्लाय म्हणजे माशीच ना रे? आपल्याकडे माशी शिंकते. मासे धरत नाही."

इथे इंजिन फिरवतो. त्या माशीबद्दल मला बोलायचं आहे, आणि मंडपवाला आज इथे नाही.

पुतण्याने एक डबी उघडली. आत चाळीसेक गळ, आणि प्रत्येकाला दोऱ्याने पिसं, केस बांधून केलेली खोटी माशी. आम्ही लहानपणी घोड नदीवर बसायचो तेव्हा कळकाची काठी, तंगूस, गांडूळ आणि तरंगायला मोरपिसाचा देठ, एवढाच संसार. गळाला गांडुळाचं वजन असायचं, म्हणून तो लांब जायचा. या माशीला वजनच नाही. इथे दोरी जड असते. काठीने दोरी मागे फेकायची, ती हवेत सरळ झाली की पुढे फेकायची, आणि तिच्या टोकाला ती माशी पाण्यावर अशी उतरवायची की माशाला वाटावं, आपणहून येऊन बसली. मला हे ओळखीचं वाटलं. वर्गणी मागायला जातो तेव्हा मीही आधी पाऊसपाणी, लेकीचं बाळंतपण, उसाची तोड अशी दोरी दोनतीनदा मागेपुढे करतो आणि पावतीपुस्तक अगदी शेवटी, हलकेच टेकवतो.

मी डबीत वाकून बघितलं. एका माशीचं अंग हिरवं-सोनेरी चमकत होतं. "मोर," पुतण्या म्हणाला. मोरपिसाचे तंतू गळावर गुंडाळले की किड्याचं अंग तयार होतं, आणि जगभर हे सर्रास वापरतात. मला एकदम अभिमान वाटला. मोराची चिंचोली आमच्याच शिरूर तालुक्यात! त्याच माशीच्या डोक्यावर काळ्या पिसात पांढरा-पिवळा मेण सांडल्यासारखा ठिपका होता. तो रानकोंबड्याच्या मानेवरचा. राखी रानकोंबडा, आपल्या सह्याद्रीतला, भीमाशंकरच्या रानात पहाटे आरवणारा. साहेबांच्या काळात विलायतेतले सामन मासे धरायला त्याच्या माना बोटीने जात. आता ती निर्यात बंद आहे, आणि रानकोंबड्याने तेवढ्यापुरते तरी सरकारचे आभार मानायला हरकत नाही. म्हणजे बघा, भीमा निघते भीमाशंकरला, घोडही त्याच डोंगररांगेतून येते. दोन्ही नद्यांच्या माथ्यावरचं पीस साता समुद्रांपलीकडे जाऊन माशी बनलं, आणि शेवटी आमच्याच गावच्या पाण्यात आलं. एवढी मोठी प्रदक्षिणा आमच्या आमदारांचीही झाली नसेल.

याच नादात मी मास्तरकी केली आणि जुनी पुस्तकं चाळली. कंपनी सरकारचा विल्यम हेन्री साईक्स नावाचा एक लष्करी अधिकारी १८२४ पासून दख्खनची मोजदाद करत फिरत होता. माणसं, पिकं, पाऊस, पक्षी. जाता जाता मासेही. शिरूर तेव्हा इंग्रजांची छावणी. १८३९ च्या सुमारास त्याचं इथल्या माशांचं वर्णन छापून आलं, आणि त्यातल्या 'मुसल्ला' नावाच्या माशाचं ठिकाण त्याने दिलंय घोड नदी, शिरूर. मी खुर्चीतून उठलोच. जगाच्या माशांच्या वहीत शिरूर! 'खुद्री' म्हणजे दख्खनी महसीर त्याला मिळाला पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत. पुढे कोलस, नुक्ता, पोटील, सांडखोल, इचकिया. लॅटिनचा कोट घातलाय, पण आत धोतर आपलंच दिसतं. ही नावं साईक्सच्या आजीने त्याला सांगितलेली नाहीत. काठावरच्या कुणीतरी भोयाने, उन्हात जाळं झटकताना, 'ह्यो कोळस, साहेब' असं म्हटलं असणार, साहेबाने लिहून घेतलं असणार. आज शास्त्रात त्या प्रत्येक माशाच्या नावापुढे साईक्सचं नाव लागतं. नाव सांगणाऱ्याचं कुठे लागत नाही.

असो. स्पर्धा.

नदीत घ्यायची हे पुतण्याचं पहिलं स्वप्न, ते मी त्याला मोटारसायकलवर बसवून रांजणगाव सांडसच्या संगमावर नेऊन मोडलं. मुळा-मुठा तिथे भीमेला मिळते. पुण्याने न्हाऊन, धुऊन, संडासात ओतून जे जे सोडलं ते ते इमानेइतबारे आणून देते. अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड, मधे जलपर्णीचं हिरवं मैदान. पोरगं म्हणालं, "काका, ही नदी आहे?" या प्रश्नावर मला कुठलंही ऋणात राहणारं वाक्य सुचलं नाही. ज्या पाण्यात साईक्सला खुद्री मिळाला त्याच पाण्याच्या वासाने आम्ही दोघं नाकाला रुमाल लावून उभे. त्या खुद्रीची पिल्लं आज लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात, बाळंतिणीच्या खोलीत जपावीत तशी जपून वाढवतात. आणि तो मूळचा जिथला, तिथे आम्ही साबणासारखा फेस मोजत होतो. पुण्याच्या स्मार्टपणाचे आभार कुणी मानायचे असतील तर त्यांनी खुशाल मानावेत. माझा घसा त्या दिवशी बसला होता.

शेवटी स्पर्धा एका शेततळ्यावर ठरली. वीस बाय तीस मीटर, खाली काळा प्लॅस्टिकचा कागद, आत चिलापी. आणि प्रायोजक? खतवाला, सराफ, बोअरवेलवाला, एक कोचिंग क्लास आणि एक भावी सरपंच. भावी सरपंचांनी पाच हजार दिले आणि फ्लेक्स पंधरा हजारांचा लावला. फ्लेक्सवर त्यांचा हसरा चेहरा बैलाएवढा. मासा कोपऱ्यात, लिंबाएवढा, तोही इंटरनेटवरून उचललेला समुद्रातला.

पोरं पंचवीसेक आली. त्यांना सकाळी तासभर शिकवून झालं आणि उद्‌घाटनाची फेक टाकण्याचा मान भावी सरपंचांच्या भाच्याला मिळाला. त्याने दोरी मागे फेकली. मागे फ्लेक्स होता. पुढे काय झालं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. मोराच्या अंगाची, रानकोंबड्याच्या मानेची ती माशी थेट मामांच्या नाकपुडीत जाऊन बसली. भाच्याने घाबरून हिसका दिला, आणि नाकापासून हनुवटीपर्यंत फ्लेक्स उभा फाटला. मासा गळाला लागण्याआधी प्रायोजक लागला होता. मामा खुर्चीत बसूनच स्वतःच्या फाटक्या तोंडाकडे बघत होते. मला सव्वीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं, आभार सुरुवातीलाच उरकून घ्यावेत.

चार तासांत सात चिलाप्या निघाल्या. पण त्या निघाल्या कशा, ते सांगायला हवं. पहिले दोन तास कुणालाच काही लागेना. तेव्हा भोईवाड्यातले आबा, नुसते बघायला आलेले, सत्तरीच्या पुढचे, बांधावरून उठले. त्यांनी पाण्याकडे बघितलं, वाऱ्याकडे बघितलं आणि पोरांना सांगितलं, "हिकडं नगं. सावली पडलीय तिकडं टाका. आन दोरी वढू नगा, मासा येडा न्हाई." मग दुपारभर ते काठाकाठाने फिरत राहिले. गुंतलेली तंगूस सोडवली. एका पोराच्या कानात गेलेला गळ असा काढला की पोराला रडायची संधीच मिळाली नाही. प्लॅस्टिकवरून घसरलेल्या दोघांना दोराने वर ओढलं. विजेती चिलापी पुतण्याने फूटपट्टीवर ठेवली, फोटो काढला आणि पाण्यात सोडली, तेव्हा आबांच्या तोंडून एकच शब्द निघाला, "आरारारा."

संध्याकाळी मी माइक घेतला. त्या दिवशी मी असा काही लागलो होतो! ग्रामदैवत, शेततळ्याचे मालक, खत, सोनं, पाणी, शिक्षण आणि राजकारण. फाटक्या फ्लेक्सलाही मी 'त्यांनी या स्पर्धेसाठी चेहरा पणाला लावला' म्हणून सावरून घेतलं. मामा हसले, पोरांनी शिट्ट्या मारल्या. पुतण्याकडून चिठ्ठी आली त्याप्रमाणे स्वयंसेवकांची नावं घेतली. चहावाला, स्पीकरवाला, जनरेटरवाला. मग माझं ठेवणीतलं, 'ज्यांचे ज्यांचे ज्ञात-अज्ञात हात या कार्याला लागले…' आणि खुर्च्यांचा खडखडाट. मला दोन माणसांची तोंडंसुद्धा दिसली. एवढं यश क्वचित.

रात्री घरी पुतण्या म्हणाला, "काका, आबांचं नाव राहिलं."

राहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू? आबा मला माइकवरून समोर दिसत होते. बांधावर बसून तंगूस बोटाला गुंडाळत होते. मी त्यांना बघितलं, आणि माझ्या डोक्यातल्या यादीत त्यांचा रकाना सापडेना. ना पावती, ना मंडळाचा टी-शर्ट, ना फ्लेक्स. म्हणून मी त्यांना 'ज्ञात-अज्ञात' या गोणीत टाकलं आणि पुढे गेलो. चार दिवसांपूर्वी साईक्सवर तोंडसुख घेणारा मीच.

सकाळी शाल घेऊन भोईवाड्यात गेलो. आबा ओट्यावर जाळ्याला गाठी मारत होते. मी वाकून सांगितलं, "आबा, काल तुमचं नाव घ्यायचं राहिलं. चूक झाली."

"समद्यांची नावं घेतली गुर्जी तुमी," आबा वर न बघता म्हणाले. "मासा तेवढा ऱ्हायला."

मी शाल पुढे केली. ती त्यांनी घडी न मोडता मांडीखाली सरकवली, ओटा गार होता म्हणून. मी विचारलं, खुद्री ठाऊक आहे का? त्यांची गाठ थांबली. "बापाच्या तोंडी व्हता," म्हणाले. मग एकेक नाव निघत गेलं. कोळस, वाम, मरळ, शिंगाडा. मी खिशातली आभाराची यादी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं. तारीख टाकली. वर आबांचं नाव घातलं.

निघताना पुन्हा म्हणालो, "आबा, तुमचे आभार मानावे तेवढे…"

"आभार ऱ्हाऊ द्या," ते जवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ती पयल्या नंबरची चिलापी तळ्याच्या कुठल्या कोपऱ्यात सोडली, तेवढं सांगा."