हंपी, दोन कॅमेरे आणि एक भोक

मेहुण्यानं कॅमेरा घेतला तो काही हंपीसाठी नव्हे. पण हप्ते सुरू झाले होते, आणि हप्ते चालू असलेली वस्तू कपाटात पडून राहिली की घरातली माणसं रोज एकदा कपाटाकडं आणि एकदा घेणाऱ्याकडं बघतात. गोव्याला त्याच्या बहिणीचा, म्हणजे आमच्या हिचा, विरोध. ‘तिथं जाऊन तू कशाचे फोटो काढणार ते मला माहीत आहे,’ एवढंच ती म्हणाली. उरलं हंपी. कोल्हापुरातून पहाटे निघालं की बेळगाव, हुबळी, गदग, कोप्पळ करत दिवस कलायच्या आत हंपीशेजारचं होसपेट गाठता येतं.

कॅमेरा एंट्री-लेव्हल मिररलेस होता. एंट्री-लेव्हल म्हणजे काय, तर हा घेतला की खर्चाला सुरुवात होते. मिररलेस म्हणजे काय, हे मेहुण्यानं गाडी कागलच्या पुढं जायच्या आत सगळ्यांना समजावून सांगितलं. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागं तिरपा आरसा असायचा. तो समोरचं दृश्य वर डोळ्याकडं पाठवायचा आणि बटण दाबलं की खटकन बाजूला व्हायचा. २००८ साली पॅनासॉनिकनं जी-वन नावाचा कॅमेरा आणला, त्यात आरसाच ठेवला नाही. सेन्सरला जे दिसतं तेच थेट पडद्यावर दाखवलं. आरशाची जागा वाचली, कॅमेरा सडपातळ झाला.

“म्हणजे पन्नास हजार मोजलेस आणि वर आरसाबी काढून घेतला व्हय त्यांनी?” मागच्या सीटवरून आत्या म्हणाली.

आत्या माझी, गडहिंग्लजची. तिच्या बटव्यात बडीशेप, किल्ल्या, गुडघ्याचं मलम आणि बोटभर जाडीचा, दीडशे ग्रॅम वजनाचा एक चंदेरी कॅमेरा असतो. या जातीला अल्ट्राकॉम्पॅक्ट म्हणतात. २०१० साली जपानी कंपन्यांनी जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे धाडले होते, त्यातले बहुतेक असेच लेन्स न बदलता येणारे छोटे. मग मोबाइलनं त्यांचा धंदा बसवला. ती लाट ओसरता ओसरता आत्याच्या जावयानं सिंगापूरहून हा आणला. आत्याकडं मोबाइल आहे, पण तो बोलायला. “फोनवर बोलताना मध्येच फोटो कसा काढायचा?” हा तिचा सवाल आहे आणि घरात अजून कुणी त्याला उत्तर दिलेलं नाही.

मेहुण्यानं प्रवासभर तिच्या कॅमेऱ्याची कीव केली. त्याच्या सेन्सरची मापं त्याला पाठ होती: साडेतेवीस मिलिमीटर बाय साडेपंधरा. आत्याचा सहा बाय साडेचार, म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान. क्षेत्रफळात तेरापट फरक. आता हे मात्र खरंच आहे. सेन्सर जेवढा मोठा तेवढा प्रकाश जास्त गोळा होतो, आणि अंधारात त्याचीच किंमत असते. पण मोठ्या सेन्सरला लेन्सही तशीच मोठी लागते. आरसा काढून कॅमेरा बारीक झाला, लेन्सला काही त्या उपचाराचा गुण आला नाही. आत्याचा सेन्सर इवलासा, म्हणून बारापट झूम करणारी तिची लेन्स बटण दाबलं की तीन घड्या घालून आत जाऊन बसते. मेहुण्याच्या कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सचा झूम जेमतेम अडीचपट, आणि तिला वागवायला एक काळी, आतून मऊ कप्प्यांची बॅग. एका कप्प्यात कॅमेरा, एकात चार्जर, एकात फुंकणी आणि पुसणी. मधला सर्वांत मोठा कप्पा रिकामा. तो दुसऱ्या लेन्सचा. दुसरी लेन्स अजून दुकानात होती.

गदगला गिरमिट आणि मिरची भजी खाल्ली. मेहुण्यानं आधी फोटो काढला, म्हणून त्याची भजी गार झाली.

दुसऱ्या दिवशी अंधारातच मातंग टेकडी चढलो. हंपीत सूर्योदय बघायचा तो इथून, असं सगळेच सांगतात, त्यामुळं वर आमच्याआधीच बरेच जण सूर्याला पकडायला बसले होते. मेहुण्यानं तिपाई उभी केली, पडद्यावरचा आलेख बघून काहीतरी कमी केलं, काहीतरी वाढवलं. आत्या वर पोचली, धापा टाकत दगडावर टेकली आणि बसल्या जागेवरून तिनं फोटो काढला. इथं खरं सांगायला हवं. खाली अच्युतरायाचं देऊळ धुक्यातून वर येत होतं, आकाश अजून जांभळं होतं, आणि मेहुण्याच्या फोटोत ते जांभळं जसंच्या तसं उतरलं. देवळाच्या ओवऱ्यांचे खांबसुद्धा मोजता येत होते. आत्याच्या फोटोत आकाशावर पुरळ उठलं होतं. इवल्या सेन्सरला अंधारात ताण पडतो, आणि तो ताण ठिपक्यांच्या रूपानं बाहेर येतो. मेहुणा उतरताना दोनदा शीळ घालून गेला.

ही शीळ विरूपाक्षाच्या देवळापर्यंत टिकली. तिथं लक्ष्मी नावाची हत्तीण आहे. सोंडेवर नाणं ठेवलं की ती नाणं माहुताकडं देते आणि सोंड डोक्यावर ठेवून आशीर्वाद देते. मेहुण्याला हे नेमकं टिपायचं होतं. त्यासाठी शटरचा वेग किती ठेवावा या विचारात तो पडद्यावर मान घालून उभा होता. मागं रांग होती, रांगेनं त्याला पुढं ढकललं, आणि लक्ष्मीनं शिस्तीत त्याच्याच डोक्यावर सोंड ठेवली. नाणं आत्यानं दिलं होतं. फोटोही आत्यानंच काढला. सोंडेखाली मेहुण्याचा चेहरा, डोळे गच्च मिटलेले, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेला कॅमेरा. सगळ्या सहलीत मिररलेस कॅमेऱ्याचा आलेला सर्वांत चांगला फोटो हाच.

तेवढ्यात त्याच्या लेन्सचं टोपण गेलं. विरूपाक्षाच्या आवारातली माकडं भाविकांच्या पिशव्या तपासून घेतात, आणि मोठ्या लेन्सला टोपण असतं, ते काढून खिशात घालायचं असतं, तो खिसा माकडाच्या उंचीवर असतो. माकडानं टोपण चावून बघितलं, ते खायचं नाही अशी खात्री झाल्यावर गोपुराच्या पायरीवरून खाली टाकलं. आत्याच्या कॅमेऱ्याला टोपण नाही. बंद केला की लेन्स आपल्या पापण्या आपणच मिटते.

याच देवळात गाभाऱ्यामागं एक अंधारी खोली आहे. पूर्वेचं नऊ मजल्यांचं गोपुर बाहेर उन्हात उभं असतं, आणि इथं भिंतीतल्या एका बारक्या भोकातून येणारा त्याचा उजेड समोरच्या भिंतीवर पडतो. गोपुर उलटं दिसतं: कळस खाली, पाया वर. प्रकाश सरळ रेषेत चालतो, भोकातून जाताना वरचा किरण खाली जातो, खालचा वर, एवढंच त्यातलं शास्त्र. म्हणजे ही खोली स्वतःच एक कॅमेरा आहे, आणि पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो.

आत्यानं लगेच बटण दाबलं. तिचा कॅमेरा ऑटोवर असतो, आणि अंधार दिसला की ऑटोतल्या फ्लॅशला राहवत नाही. लख्ख उजेड झाला, पुजारी दचकला, आणि फोटोत एक रंग उडालेली भिंत आली. गोपुर नाही.

“सावली कुठं गेली रे?”

“आत्या, तुम्हीच पुसलीत ती,” मेहुणा म्हणाला. हा त्याचा क्षण होता. त्यानं कॅमेरा कोनाड्याच्या कडेला टेकवला, श्वास रोखला, शटर सावकाश उघडू दिलं, आणि त्या धूसर उलट्या गोपुराचे मजलेही वेगळे वेगळे दिसतील असा फोटो काढला. सुंदरच होता. आत्यानं तो पडद्यावर बघितला, मग भिंतीतल्या भोकाकडं बघितलं.

“ह्याला ना लेन्स, ना सेन्सर,” ती म्हणाली, “ना हप्ता.”

दुपारी बॅटरीच्या गाडीनं विठ्ठल मंदिरात गेलो. आत्या वारकरी; रिकाम्या गाभाऱ्यासमोर तिनं हात जोडले आणि देव घरी नसल्याचं तिला काही वाईट वाटलं नाही, कारण तो कुठं गेलाय हे तिला ठाऊक होतं. कृष्णदेवरायानं नेलेली पांडुरंगाची मूर्ती एकनाथांच्या पणजोबांनी, भानुदासांनी, पंढरपूरला परत आणली, ही कथा तिनं शेजारच्या कुटुंबाला कन्नडमध्ये सांगितली. गडहिंग्लजच्या माणसाला कन्नड येतं, ही गोष्ट कॅमेऱ्यांच्या कुठल्याही तुलनेत धरलेली नसते. पण त्या कुटुंबातल्या आजीनं आत्यासाठी पदर सावरला, नातवंडांना पुढं घेतलं आणि तोंडभर हसली. मेहुण्यानं काळी लेन्स वळवताच तीच आजी ताठ झाली आणि तिच्या चेहऱ्यावर आधार कार्डाच्या फोटोतला भाव आला.

आता रथ. २०१७ पासूनच्या पन्नासच्या निळसर नोटेवर मागं जो दगडी रथ आहे तो हा. तिथं आलेला प्रत्येक मराठी, कानडी, तेलुगू माणूस खिशातून पन्नासची नोट काढतो, हात लांब करून रथाशेजारी धरतो आणि फोटो घेतो. मेहुण्यालाही तो हवा होता. नोट हिनं धरली. मेहुण्यानं नोट स्पष्ट केली तर मागचा रथ विरघळला. रथ स्पष्ट केला तर नोट इतकी पुसट झाली की ती पन्नासची की शंभरची, कळेना. मोठ्या सेन्सरचं हेच वैभव आहे. एका गोष्टीवर नजर ठेवायची आणि बाकी सगळं लोण्यात बुडवायचं. लग्नाचे फोटो काढणारे त्यासाठीच पैसे घेतात. इथं मात्र दोन्ही हवं होतं. त्यासाठी छिद्र बारीक करावं लागतं, छिद्र बारीक केलं की शटर लांबतं, शटर लांबलं की हात हलतो, म्हणून त्यानं तिपाई काढली. तिपाई उघडल्याबरोबर पुरातत्त्व खात्याच्या पहारेकऱ्याची शिट्टी वाजली; परवानगीशिवाय तिपाई चालत नाही. तो अर्ज-विनंत्या करत असताना आत्यानं हिच्या मागून हात काढून एकदा क्लिक केलं. नोटेवरचा रथही स्पष्ट, समोरचाही. इवल्या सेन्सरला जवळचं-लांबचं हा भेदभाव फारसा जमत नाही.

हिचा हात अवघडला होता, त्यामुळं तिनं त्या फोटोला पूर्ण पाठिंबा दिला.

मेहुण्याला धीर यावा म्हणून मी त्याला ग्रीनलॉची गोष्ट सांगितली. अलेक्झांडर ग्रीनलॉ, मद्रासच्या फौजेतला अधिकारी. १८५६ साली त्यानं इथं फोटो काढले ते मेणकागदाच्या निगेटिव्हवर, आणि एकेक निगेटिव्ह सुमारे सोळा बाय अठरा इंचांची. म्हणजे ‘सेन्सर’ हातभर, आणि कॅमेरा त्या बेतानं मोठी पेटी. त्याच्या फोटोत या रथावर विटांचं शिखर दिसतं. ते पुढं काढून टाकलं. ते कसं होतं हे आज कळतं ते त्या कागदामुळं. मेहुण्याचा चेहरा उजळला. “बघा दाजी,” तो म्हणाला, “शेवटी सेन्सरच.” गोष्ट मी त्याची बॅग त्याला हलकी वाटावी म्हणून सांगितली होती.

तुंगभद्रेवर परडीसारख्या गोल होडीत बसलो. त्या होडीला ना पुढं ना मागं, आणि नावाड्याला खुशी आली की तो ती नदीच्या मधोमध गरागरा फिरवतो. मेहुणा बॅगेची चेन लावून तिच्यावर पालथा पडला होता. त्याला नदीत पडायची भीती नव्हती. उरलेल्या हप्त्यांची होती. आत्या कॅमेऱ्याची दोरी मनगटात अडकवून गोल फिरताना फोटो काढत सुटली. त्यातल्या बहुतेकांत आकाश आहे, एकात नावाड्याचा गुडघा आहे. एकात बारापट झूम करून टिपलेला, पलीकडच्या खडकावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा आहे, आणि तो इतका नेटका आला की मेहुण्यानं त्याबद्दल बोलायचंच टाळलं. अडीचपट झूममध्ये तो पाणकावळा म्हणजे खडकावरचा डाग होता.

संध्याकाळी हेमकूट टेकडीवर बंगळूरच्या कॉलेजातल्या मुली भेटल्या. मेहुण्यानं कॅमेरा नीट दिसेल असा गळ्यात घातला. मुली त्याला वळसा घालून आत्याकडं गेल्या. हल्ली पंचविशीच्या आतल्यांना हे जुने चपटे कॅमेरेच हवे असतात, असं कळलं. समोरून फाडकन पडणारा फ्लॅश, लाल डोळे, फिकट रंग, हीच आता फॅशन आहे. ज्या दोषांना कंटाळून लोकांनी हे कॅमेरे भंगारात दिले, त्याच दोषांसाठी आता ते शोधले जातात. मुलींनी आत्याकडून फ्लॅश मारून फोटो काढून घेतले आणि मग हळूच विचारलं, विकणार का?

“जावयानं दिलाय. विकत नसते,” आत्या कन्नडमध्ये म्हणाली. मग जरा थांबून, “पण किती देशीला?”

त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून मेहुणा खाली बसला. त्याच्या कॅमेऱ्याची किंमत दुकानातून बाहेर पडल्या क्षणापासून उतरत होती आणि आत्याच्या बटव्यातलं यंत्र पडल्या पडल्या वर चढलं होतं. आत्यानं विकला नाही. भाव कळला, तेवढं तिला पुरलं.

परतताना मेहुणा फारसा बोलला नाही. हुबळीच्या पुढं त्यानं निदान सांगितलं: दोष कॅमेऱ्याचा नाही, लेन्सचा आहे, लांबचं ओढणारी एक लेन्स घेतली की पाणकावळ्याचा प्रश्न सुटेल. हिनं खिडकीबाहेर बघितलं. बेळगावात गाडी थांबवून आत्यानं शेजारपाजाऱ्यांसाठी कुंदा घेतला, आणि तो डबा कुठं ठेवावा म्हणून इकडंतिकडं बघता बघता काळ्या बॅगेची चेन उघडली. मधल्या कप्प्यात डबा बेतून शिवल्यासारखा बसला. चारही बाजूंनी मऊ.

“आत्या, तो दुसऱ्या लेन्सचा कप्पा आहे!”

“असू दे की. लेन्स येईल तेव्हा येईल, कुंदा आज आलाय. आणि गाडी जरा हळू घ्यायला सांग त्यांना, तूप सांडंल.”