नाव लिहून घेतलंस, वाचलं मात्र नाहीस

रकान्या,

‘लाभार्थीचे नाव’ हे तुझं पूर्ण नाव. बँकेच्या काउंटरवर मिळणाऱ्या एनईएफटी-आरटीजीएसच्या अर्जावर तू आहेस, मोबाईलमधल्या बँकेच्या ॲपवरही आहेस. तुला रिकामं ठेवून कुणालाच पुढे जाता येत नाही. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर चिखली-मेहकरला आणि घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याला माणसं तुझ्यात एकेक इंग्रजी अक्षर जपून भरतात. स्पेलिंग चुकलं तर पैसे अडकतील, या धास्तीने कृषी केंद्रवाल्याला फोन लावून विचारतात, ‘भाऊ, तुमच्या आडनावात ए एक की दोन?’ इतक्या काळजीने भरलेलं ते नाव तू वर्षानुवर्षं वाचलंच नाहीस. तू सुरक्षेचा देखावा केलास आणि त्या देखाव्यावर विसंबलेल्या माणसांचे पैसे गेले. हा माझा तुझ्यावरचा आरोप आहे, आणि तो मी चारचौघांत करतो आहे.

पुरावा रिझर्व्ह बँकेच्याच कागदावर आहे. १४ ऑक्टोबर २०१० च्या परिपत्रकाने बँकांना मुभा मिळाली की आलेली रक्कम फक्त खाते क्रमांक पाहून जमा करावी. नाव जुळतं की नाही, हे पाहण्याची गरज राहिली नाही. योग्य क्रमांक देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर आली, आणि रक्कम केवळ क्रमांकावर जमा होईल, नावाचा त्यासाठी उपयोग केला जाणार नाही, अशी सूचना अर्जावर आणि पडद्यावर द्यायला बँकांना सांगितलं गेलं. ती सूचना आजही बारीक इंग्रजीत कुठेतरी छापलेली सापडते. खामगावच्या बाजार समितीत सोयाबीन घालून आलेला माणूस पाठीमागे रांग उभी असताना ती वाचत बसेल, असं ती लिहिणाऱ्यालाही वाटलं नसेल. आणि तिच्याच वर तू, ठळक अक्षरांत नाव मागत उभा.

तुझी बाजूही मला माहीत आहे. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरं आणि पासबुकावर तिसरं असतं. कुणी आडनाव आधी लिहितो, कुणी वडिलांचं नाव गाळतो, कुणाच्या ‘राव’चा सरकारी कागदावर पत्ताच नसतो. नाव तंतोतंत जुळल्याशिवाय पैसे जमा करायचे नाहीत असं ठरवलं असतं, तर निम्मे व्यवहार अडकले असते. ही अडचण खरी होती. पण तिच्यावर उपाय होता पाठवणाऱ्याला खातेदाराचं खरं नाव दाखवण्याचा. ‘हे खातं अमक्याचं आहे, पाठवायचे का?’ एवढं विचारलं असतं, तर स्पेलिंगचा घोळ माणसाने क्षणात ओळखला असता. आपला दुकानदार आणि भलताच कुणी यांतला फरक आमच्या गावातल्या कुणालाही कळतो. तुला फक्त दाखवायचं होतं.

तुझ्या या मौनाचा फायदा कोण घेतं, ते सांगतो. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही राज्याची योजना. शेतकऱ्याने दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के हिस्सा भरायचा, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे ठगालाही माहीत आहे. सौर पंपांसाठीच्याच पीएम-कुसुम योजनेच्या नावाने पैसे उकळणाऱ्या बनावट संकेतस्थळांविषयी केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला पुन्हा पुन्हा जाहीर इशारे द्यावे लागले आहेत. लोणारकडचा एखादा शेतकरी डोळ्यांसमोर आणून बघ. त्याला फोन येतो, मंजुरीचं पत्र व्हॉट्सॲपवर येतं, पत्रावर राजमुद्रा असते आणि खाली खाते क्रमांक, आयएफएससी कोड व सरकारी वाटावं असं एका संस्थेचं नाव. तो ते नाव तुझ्यात भरतो. खातं प्रत्यक्षात असतं दुसऱ्याच राज्यातल्या एखाद्या पोराचं, ज्याने चार पैशांसाठी आपलं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम ठगांना भाड्याने दिलेलं असतं. तुझ्यात लिहिलेलं नाव आणि त्या खात्यावरचं नाव यांत एक अक्षरही सारखं नसतं. तू ‘व्यवहार यशस्वी’ म्हणतोस. शेगावच्या संस्थानाच्या भक्तनिवासात खोली मिळवून देतो म्हणून भाविकाकडून आगाऊ पैसे मागणाराही याच वाटेने जातो. संस्थानाचं नाव तुझ्यात, पैसे भलत्याच्या खात्यात.

आता याच्या शेजारी कार्डाचा व्यवहार ठेवून बघ. १८ फेब्रुवारी २००९ ला रिझर्व्ह बँकेने आदेश काढला आणि १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन खरेदीत कार्डावर छापलेल्या माहितीपलीकडची आणखी एक खूण मागणं सक्तीचं झालं. त्या वेळी जगातल्या थोड्याच देशांत अशी सक्ती होती. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे भरले की आपल्या बँकेचं पान उघडतं, तिथे दुकानाचं नाव आणि रक्कम दिसते, आणि ओटीपीच्या संदेशातही सहसा तेच दोन तपशील असतात. म्हणजे ‘कुणाला’ आणि ‘किती’ हे दोन्ही प्रश्न माणसाच्या डोळ्यांसमोर येतात. उबरसारख्या कंपन्या परदेशी मार्गाने पैसे फिरवून हा टप्पा चुकवू लागल्या, तेव्हा ऑगस्ट २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती पळवाट ३१ ऑक्टोबरपर्यंत बंद करायला लावली. जानेवारी २०२० च्या आदेशाने नवीन कार्ड ऑनलाइन वापरासाठी बंद ठेवूनच हातात द्यायचं ठरलं, ते उघडायचं की नाही ते ग्राहकाने ठरवायचं. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना आपल्याकडे कार्डाचा क्रमांक साठवून ठेवायलाही बंदी झाली.

याहून मोठा फरक समोरच्या बाजूला आहे. कार्डावर पैसे घेणाऱ्या दुकानाला आधी कुठल्यातरी बँकेने किंवा पेमेंट कंपनीने कागदपत्रं तपासून दाखल करून घेतलेलं असतं. पैसे त्याच्या हाती त्याच क्षणी पडत नाहीत. माल आलाच नाही, तर ग्राहक आपल्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे रक्कम परत, मागू शकतो आणि मग दुकानाला उत्तर द्यावं लागतं. तुझ्या व्यवहारात यातलं काही नाही. रक्कम मिनिटांत पोचते, पोचल्यावर ती ज्याच्या खात्यात गेली त्याची झाली, आणि परत आणायची तर त्याच्याच संमतीने किंवा पोलिसांच्या दारातून.

कार्डालाही मी निर्दोष सोडत नाही. परदेशातली कितीतरी संकेतस्थळं आजही नुसत्या कार्डाच्या क्रमांकावर आणि तीन आकड्यांवर रक्कम वळती करतात, ओटीपी मागतच नाहीत. आणि तपासणारा यंत्रातच बदलला तर काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, कारण ‘या खात्यात शिल्लक आहे का’ हा प्रश्न बँकेपर्यंत पोचण्याआधीच हल्लेखोरांनी घुसवलेली यंत्रणा ‘द्या’ असं उत्तर देत होती. काही रक्कम आपल्याच देशात, कोल्हापुरातूनही निघाली. दोन दिवसांनी बँकांच्या आंतरराष्ट्रीय ‘स्विफ्ट’ यंत्रणेच्या मार्गाने आणखी सुमारे १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींहून अधिक. तपासणारा बाजूला सारला की काय होतं, ते तिथे एका आठवड्यात दिसलं. तुझ्याकडे तर त्या जागी कुणी बसवलेलाच नव्हता.

तरीही खात्यातून पैसे पाठवणं हेच जास्त सुरक्षित, असं लोकांना वाटतं, आणि त्याचं कारण आमची होणारी झडती. लॉगिनचा पासवर्ड, नवीन लाभार्थी जोडताना ओटीपी, मग काही तास थांबा, पहिल्या दिवशी रकमेवर मर्यादा, पाठवताना पुन्हा ओटीपी, काही बँकांत डेबिट कार्डामागच्या चौकटीतले आकडे. एवढं विचारतात म्हणजे पैसे नीट जागी जात असतील, असा साधा माणूस हिशोब करतो. पण हे सगळे प्रश्न पाठवणाऱ्याला आहेत. घेणारा कोण, हे त्यातला एकही प्रश्न विचारत नाही. घरधन्याला दारात चारदा अडवायचं आणि गाठोडं घेऊन निघालेल्या चोराला वाट करून द्यायची, अशी ही राखण आहे.

आणि ती झडतीच नंतर आमच्याविरुद्ध साक्षीला उभी राहते. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या जबाबदारीची हद्द आखली. बँकेची चूक असेल तर ग्राहकावर काही नाही. चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, यंत्रणेत इतरत्र कुठे असेल, तर बँकेकडून कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तक्रार केली की नुकसान शून्य. जबाबदारी सिद्ध करायचा भारही बँकेवर. हा नियम चांगला आहे, त्याने लोकांचे पैसे वाचले आहेत. पण तो अनधिकृत व्यवहारांसाठी आहे. आमच्या शेतकऱ्याने तर पैसे स्वतःच्या हाताने पाठवले, ओटीपी स्वतः टाकला. बँकेत गेला की उत्तर ठरलेलं: ‘व्यवहार तुम्हीच केलाय, काका.’ त्याने तुझ्यात वेगळंच नाव लिहिलं होतं, त्याची संमती त्या नावाला होती, या भलत्याला नव्हती, हे तिथे कुणी ऐकून घेत नाही. रकान्या, संमती कुणाच्या नावाने दिली होती, हे फक्त तुझ्यात लिहिलेलं असतं. तरी तू त्याच्या बाजूने एक शब्द बोलत नाहीस.

जमत नव्हतं, असं सांगू नकोस. यूपीआय ११ एप्रिल २०१६ ला सुरू झालं. तिथे पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं, आणि चहावाल्याला दहा रुपये देतानाही माणूस ते नाव बघून घेतो. ॲपमध्ये ज्याने त्याने ठेवलेलं नाव नको, बँकेच्या नोंदीतलं खरं नाव दाखवा, हेही २०२५ मध्ये तिथे ठरलं. मोठ्या कंपन्या तर कुणाच्या खात्यात रक्कम टाकण्याआधी एक रुपया पाठवून खातेदाराचं नाव तपासून घेतात. कर्ज देणाऱ्यांपासून शेअर दलालांपर्यंत सगळ्यांना ही सोय होती. आमच्या लोकांनी बिचाऱ्यांनी आपल्यापुरता तोच मार्ग काढला. आधी एक रुपया टाकायचा, फोन करायचा, ‘आला का?’ आणि मग उरलेले पाठवायचे. पण फोन उचलणारा ठगच असेल, तर तो ‘आला’ म्हणणारच.

अखेर ९ ऑक्टोबर २०२४ ला रिझर्व्ह बँकेने घोषणा केली आणि ३० डिसेंबरच्या परिपत्रकाने सांगितलं की आरटीजीएस आणि एनईएफटीतही पाठवणाऱ्याला खातेदाराचं नाव बघता यायला हवं. इंटरनेट बँकिंगवर, मोबाईलवर आणि शाखेत येणाऱ्यालाही, तेही फुकट. मुदत होती १ एप्रिल २०२५. नाव वाचायचं नाही असं ठरल्यापासून ते दाखवायचं ठरेपर्यंत चौदा वर्षं गेली. ब्रिटनमध्ये नाव जुळवून बघण्याची सोय मोठ्या बँकांनी २०२० मध्येच आणली होती, आणि फसवून पाठवायला लावलेली रक्कम ८५ हजार पौंडांपर्यंत ग्राहकाला भरून देण्याचं बंधनही तिथे ऑक्टोबर २०२४ पासून आहे. युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना ऑक्टोबर २०२५ पासून नाव पडताळणं सक्तीचं झालं. चौदा वर्षांत ज्यांचे पैसे गेले त्यांना हे सगळं ऐकून काय वाटत असेल, याचा तू विचार कर.

आणि एवढ्याने तुझी सुटका नाही. सोय असणं वेगळं आणि ती माणसाच्या डोळ्यांसमोर येणं वेगळं. नाव बघायला वेगळं बटण दाबावं लागत असेल, तर घाईतला माणूस ते दाबणार नाही. ठग फोनवर धरून ठेवतो तो त्याच घाईसाठी. म्हणून खातेदाराचं नाव न मागता दिसलं पाहिजे, ओटीपीच्या आधी दिसलं पाहिजे, ठळक दिसलं पाहिजे, आणि लिहिलेल्या नावाशी ते अजिबातच जुळत नसेल तर नवीन खात्याकडे निघालेली मोठी रक्कम निदान काही तास थांबली पाहिजे. खातं भाड्याने देणाऱ्यांची नावंही मग पडद्यावर येतील. सौर पंपाचा हिस्सा एखाद्या अनोळखी पोराच्या बचत खात्यात का भरायचा, एवढा प्रश्न पडायला कुणाला इंग्रजी यावं लागत नाही. तरीही कुणी फसलाच, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तासाभरात फोन कर आणि मग सायबर पोलिसांकडे जा, ही सूचना पैसे गेल्याच्या संदेशातच मराठीत यायला हवी. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आले, तरच ते हाती लागतात.

सगळ्यात आधी काउंटरवर ये. जिल्ह्यातली म्हातारी माणसं, बचत गटाच्या बाया, भरणा करायला तालुक्याला येणारे शेतकरी अजून कागदाचा अर्जच भरतात. त्यांच्यासाठी पडदा म्हणजे काचेपलीकडचा कारकून. त्याच्या संगणकावर खातेदाराचं नाव उमटू दे, आणि अर्जावर शिक्का मारण्याआधी त्याने ते मोठ्याने वाचून विचारायला हवं: ‘आजी, हे खातं तर या माणसाचं निघतंय. याला ओळखता का? पाठवू का?’

बुलढाणा जिल्ह्यातला एक खातेदार