गुराब, मु. पो. अकोट

निवृत्त माणसाने काय करावं, याबद्दल अकोटची मतं पक्की आहेत. सकाळी नरसिंग महाराजांच्या मंदिरात जावं, जमेल त्या गुरुवारी शेगाव गाठावं, संध्याकाळी ओट्यावर बसून कापसाच्या भावाबद्दल हळहळावं. घरची शेती असेल तर संत्र्याच्या बागेत जाऊन गड्याच्या कामात सल्ल्यांची भर घालावी. लाकडाचं शिडाचं जहाज बांधणं यात कुठेच बसत नाही. त्यामुळे आमच्या छपरीत सागाच्या पट्ट्या, कानशी आणि फेविकॉलचा डबा दिसायला लागला, तसा येणारा-जाणारा थांबायला लागला.

"हे काय करून राह्यले जी तुमी?"

"जहाज."

"मंग हे चालते कोठी?"

प्रश्न रास्त आहे. अकोटाहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. जवळचं मोठं पाणी म्हणजे नरनाळ्याच्या पायथ्याकडचं पोपटखेडचं धरण, किंवा वारीजवळचा वान प्रकल्प. त्याच्या जलाशयाला हनुमान सागर म्हणतात, म्हणजे नावापुरता सागरही आहे. खाऱ्या पाण्याचं म्हणाल, तर त्या बाबतीत आम्ही कोकणाला हार जाणार नाही. अकोटाच्या दक्षिणेला पूर्णेकडे जायला लागलं की खारपाणपट्टा सुरू होतो. तो अकोला, अमरावती, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, पिकाला दिलं तर जमीन खराब होते. गावोगावची म्हातारी माणसं सांगतात की इथं कधीकाळी समुद्र होता. भूगर्भवाले वेगळं सांगतात: गाळाची खोल खोरी, पाण्याचा निचरा नाही, म्हणून क्षार साठले. मला या वादात म्हाताऱ्यांची बाजू घ्यावीशी वाटते, पण ती केवळ जहाजाच्या सोयीसाठी.

जहाज कोणतं बांधायचं, यावर मी बरेच दिवस घालवले. हे काम अत्यंत सुखाचं असतं, कारण त्यात हात मळत नाहीत. परदेशात प्रतिकृती बांधण्याच्या या छंदाचे तयार संच मिळतात. पेटी उघडली की कापलेल्या फासळ्या, पितळी तोफा, नकाशे, सगळं हजर. बहुतेक जहाजं मात्र इंग्रजांची नाहीतर स्पेनची. पैसे देऊन नेल्सनचं जहाज छपरीत आणून ठेवायचं माझ्या जिवावर आलं. मग ठरलं, की मराठी आरमाराच्या आंग्र्यांची गुराब, म्हणजे शिडाचं लढाऊ जहाज, बांधायची.

गुराबेचा नकाशा कुठून आणणार? आपल्याकडचे सुतार कागदावर रेघ न ओढता डोळ्याच्या अंदाजाने आणि दोरीच्या मापाने गलबतं बांधत. मला सगळ्यात उपयोगी पडलेलं वर्णन निघालं रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकाराचं, म्हणजे विरुद्ध बाजूचं. तो लिहितो, की गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असत, काहींना तीन. दोनवाली दीडशे टनांच्या आसपास, तीनवाली तीनशेच्या. लांबीच्या मानाने रुंद, मधून पुढच्या टोकाकडे निमुळती. नाळ पुढे चोचीसारखी निघालेली, आणि त्या चोचीला कठडाच नाही. समोरून लाट आली की गुराब जोरात डुबे, म्हणून वर आलेलं पाणी अडू नये, दोन्ही बाजूंनी वाहून जावं, ही योजना. चोचीमागच्या आडव्या भिंतीत दोन भोकं, त्यातून दोन तोफा नाळेवरून पुढे मारा करणार. वारा पडला तर चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबतं गुराबेला ओढून न्यायची. शत्रूचं इतकं मन लावून वर्णन करणाऱ्या माणसाबद्दल मला आता थोडी आपुलकीच वाटायला लागली आहे.

नकाशा असूनही सुख असतंच असं नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेल्या 'ट्रिंकोमाली' या जहाजाचे नकाशे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या जहाजावर निघाले. १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकनांनी ते जहाज बुडवलं आणि नकाशे तळाला गेले. पुन्हा प्रत मागवावी लागली. ट्रिंकोमाली १८१७ मध्ये पाण्यात उतरली. ती मलबारी सागाची, आणि आज इंग्लंडातल्या हार्टलपूलला अजून तरंगते आहे. कामाला उशीर झाला म्हणून घरात कुणी काही म्हटलं, की मी ही गोष्ट सांगतो.

साग आमच्या दारात आहे. अकोटाच्या उत्तरेला मेळघाट, आणि मेळघाट म्हणजे साग. पण या छंदातले जाणकार लहान प्रतिकृतीला साग नको म्हणतात. त्याच्या रेषा आणि छिद्रं मोठी, त्यामुळे दोन फुटांचं जहाज जहाजासारखं न दिसता दाराच्या चौकटीचा तुकडा वाटतं. त्यांचं म्हणणं मी मान्य केलं आणि तरी सागच वापरला. फक्त डोलकाठ्यांना आणि कप्प्यांना हळदूचं लाकूड घेतलं. पिवळसर, बारीक पोताचं, कापलं तर कड तुटत नाही. ते दिलं आमच्या सुतारबुवांनी. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल त्यांच्याकडे होतात. सांगाडा उभा राहिल्यावर त्यांनी तो हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिला आणि विचारलं, "याले चाकं कोठी लावाचे?" चाकं लागत नाहीत म्हटल्यावर त्यांचा माझ्या बुद्धीवरचा विश्वास कमी झालेला स्पष्ट दिसला. पोरगं दोरी धरून ओढणार नसेल, तर लाकडाची वस्तू कशासाठी?

खरी कसोटी फळ्या बसवण्यात आहे. जहाजाचं पोट मधे फुगीर आणि टोकांना आवळलेलं, म्हणून एकसारख्या रुंदीची पट्टी त्यावर नीट बसतच नाही. प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांकडे तासत निमुळती करायची, भिजवायची, वाफेवर धरायची, आणि मऊ झाली की फासळ्यांवर वाकवून चिमट्यांनी दाबून ठेवायची. वाफेसाठी कुकरसारखं साधन नाही.

"अहो, वरणाला सागवानाचा वास येऊन राह्यला," असं आतून ऐकू आल्यावर मी शिट्टी पुन्हा जागेवर बसवली. वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे मात्र अजून जहाजावरच आहेत.

शिडांचा प्रश्न सोपा होता. मांजरपाट आणला, धुऊन त्याची खळ काढली, चहाच्या पाण्यात बुडवला. कापूस इथलाच असेल, असं मी धरून चालतो. आमच्या कापसाला समुद्र नवा नाही. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडचा कापूस मुंबईला जाऊन जहाजात चढला. सुएझचा कालवा १८६९ चा. त्याआधी आमच्या कापसाने शिडांच्या जहाजातून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घातला, आणि तो पिकवणाऱ्यांपैकी कितीजणांनी भुसावळ तरी पाहिलं असेल! दोरांचा प्रश्नही तसाच सोपा. कोकणात काथ्या, आमच्याकडे बांधावरची अंबाडी. तिच्या पाल्याची भाजी आम्ही खातो आणि वाखाचा दोर वळून बैलाला बांधतो. माझ्या जहाजाला सुताचा दोरा पुरला, मेण लावून.

दोर ओवताना एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. इंग्रजांचा एक गोळा 'रिस्टोरेशन'वर पडला. ते जहाज आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच काबीज केलेलं होतं. त्याची आग शेजारच्या गुराबांना लागली, आणि बघता बघता सगळं आरमार गेलं. तुळाजीचा काटा काढायला इंग्रजांशी हातमिळवणी केली होती पेशव्यांनी. एक फळी वाकवायला माझा अख्खा दिवस जातो. तिथे तर कित्येक सुतारांची उमर एका दिवसात जळाली असेल. हे वाचल्यापासून मी पेशव्यांबद्दल दिवाळी अंकांत काही चांगलं आलं की पान उलटतो.

परवा आमचे व्याही आले. अलिबागचे. आजवर गुराब पाहून गेलेल्या सगळ्यांत समुद्राशी रोजची गाठ असलेले हे पहिलेच. सौभाग्यवतीने मुद्दाम त्यांना छपरीत चहा दिला. त्यांनी चष्मा पुसला, नाळ पाहिली, डोलकाठीला बोट लावून पाहिलं, वाकून पोटाखालच्या फळ्यांवरून हात फिरवला. मी श्वास धरून उभा.

"मेळघाटचा साग का हो हा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"उत्तम आहे. आमच्याकडे आता असा मिळत नाही." मग सौभाग्यवतीकडे वळून म्हणाले, "वहिनी, एवढ्यात तुमच्या देवघराला चौरंग झाला असता."

आता चौरंगाचं माप घेतलं जात आहे.