गाडीत तुमचं काय काम?

ब्रिटनच्या रस्त्यावर एखाद्या गाडीच्या पुढेमागे पांढऱ्या पाटीवर लाल अक्षरं दिसली, तर त्या गाडीकडे जरा सहानुभूतीनं बघावं. एक तर तिचं बारसं व्हायचंय, नाहीतर बारसं होऊनही कर भरायचा राहिलाय. अशा गाडीला एरवी रस्त्यावर चाक टेकवायची सोय नाही. पण कारखान्यातून दुकानात, दुकानातून गिऱ्हाइकाच्या दारात, लिलावाच्या आवारातून गॅरेजात तिला जावं तर लागतंच. त्यासाठी या पाट्या. ट्रेड प्लेट म्हणतात त्यांना. त्या गाडीच्या नसतात, धंदेवाल्याच्या असतात. वेल्समधल्या स्वान्सी शहरात डीव्हीएलए नावाचं खातं आहे, तिथलं आरटीओच म्हणा. मोटारींचा धंदा करणाऱ्याला, त्या बनवणाऱ्याला किंवा तपासणाऱ्याला ते खातं ठरावीक मुदतीचा परवाना देतं आणि सोबत पाट्यांची जोडी. आज या गाडीला बांधा, उद्या सोडून त्या गाडीला बांधा. एका वेळी एकच गाडी, एवढी अट सांभाळायची.

अशी सोय काही आजची नव्हे. ब्रिटनमध्ये मोटारींना नंबर लावायची सक्ती १ जानेवारी १९०४ पासून सुरू झाली. तो १९०३ चा कायदा करतानाच लोकांच्या ध्यानात आलं होतं, की विकायला ठेवलेल्या दर गाडीला वेगळा नंबर घ्यायचा म्हटलं तर दुकानदार बेजार होईल. म्हणून व्यापाऱ्यांसाठी फिरत्या नंबराची तजवीज पहिल्यापासूनच झाली.

माझा एक आतेभाऊ लेस्टरला राहतो. नोकरीतून लवकर मोकळा झाल्यावर घरात बसून काय करायचं, म्हणून त्यानं गाड्या पोचवायचं काम धरलं. या धंद्यात त्याच्यासारखे निवृत्त लोक बरेच. सकाळी खांद्याला पिशवी लावून निघायचं. पिशवीत दोन पाट्या, त्या बांधायचे रबरी पट्टे, चमकणारं पिवळं जाकीट, पायाखाली घालायचा कागद आणि डबा. गाडी ताब्यात घेताना तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढायचा, किती मैल झालेत ते टिपायचं, आणि सीटवरच्या प्लॅस्टिकला अजिबात धक्का न लावता तिच्यावर बसायचं. त्या प्लॅस्टिकवर शंभर मैल बसून बघा. उन्हाळ्यात माणूस सीटला चिकटतो आणि हिवाळ्यात घसरतो. नव्याकोऱ्या महागड्या गाड्यांतून रोज फिरणाऱ्या या माणसाचा हेवा करण्याआधी एवढं लक्षात असू द्यावं.

गेल्या उन्हाळ्यात आत्या त्याच्याकडे गेली होती. लीड्सला तिच्या मावसबहिणीची लेक बाळंत झालेली. आत्यानं डिंकाचे लाडू वळले, डबा भरला, आणि नेमकं त्याच आठवड्यात लेकाला लीड्सची गाडी मिळाली. लेस्टरहून लीड्स शंभर मैलांच्या आसपास, एम वन धरला की सरळ रस्ता. आत्याच्या हिशेबी देवानंच गाडी पाठवली होती.

"अरे, रिकामाच चाललायस ना? मग मला सोड की वाटेत."

"आई, नाही चालत. लाल पाट्यांची गाडी आहे."

"मागे बसते. तोंडातून शब्द काढणार नाही."

यावर घरातल्या कुणाचाच विश्वास बसला नाही, पण तो मुद्दा नव्हता. मुद्दा असा, की ट्रेड प्लेटवरच्या गाडीत कोणी बसावं याचा तिथे नियम आहे. ज्या धंद्याच्या कामासाठी गाडी निघाली, त्या कामाशी संबंध असलेल्या माणसानंच बसायचं. त्याच मालकाचा दुसरा ड्रायव्हर पुढच्या गावी दुसरी गाडी आणायला निघालाय, तो बसेल. गाडीत खडखड कसली येतेय ते ऐकायला मेकॅनिक बसेल. गाडी विकत घेऊ पाहणारं गिऱ्हाईक चक्कर मारायला बसेल. आई, बायको, पोरं, शाळेला सोड, बाजारात सोड, हे काही नाही. पाट्या खासगी कामाला वापरल्या तर तो गुन्हा, दंड होतो. वर विम्याची कटकट वेगळीच.

या नियमाची गंमत अशी, की नातेवाइकांना बसवू नका असं तो म्हणतच नाही. नातं त्याच्या खिजगणतीतच नाही. दारात उभा राहून तो प्रत्येकाला एकच विचारतो: तुमचं इथे काय काम? बायको त्याच दुकानात नोकरीला असेल आणि त्याच कामावर निघाली असेल, तर खुशाल शेजारी बसावी. नसेल, तर लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून सीट मिळत नाही. आणि मराठी घरात हा प्रश्न विचारायची सोय आहे का? मुलगी बघायला गेलेल्या आठ जणांपैकी सहांचं तिथे काय काम असतं? स्टेशनवर एकाला पोचवायला पाच जण जातात, त्यातल्या चौघांना बॅगसुद्धा उचलायची नसते. काम नसताना बरोबर येणं हेच तर नातेवाइकांचं काम.

आत्या मात्र हार जाणाऱ्यातली नाही. गिऱ्हाइकाला बसता येतं, एवढं तिनं बरोबर उचललं.

"मग मी गिऱ्हाईक म्हणून बसते. बघते गाडी. पसंत पडली तर घेईन म्हणावं."

"अगं, ती विकली गेलीये. पोचवायलाच चाललोय."

"विकली गेलेली वस्तूसुद्धा माणूस बघतो. साड्यांच्या दुकानात नाही का आपण दुसरीनं घेतलेली साडी बघत?"

आता यात कायद्याची एक खरी गोम आहे, आणि ती आत्याला बसल्या जागी सापडली हे मला कौतुकाचं वाटतं. गिऱ्हाईक गाडी बघायला एकटं येत नाही, हे इंग्रजांनाही मान्य आहे. त्याच्यासोबत चक्कर मारणारी त्याची बायको, मागच्या सीटवर पाय मावतात का हे बघणारी सासू, यांचा त्या कामाशी संबंध पोचतो, कारण पसंती शेवटी त्यांचीच. म्हणजे परक्या माणसाची सासू दुकानाच्या गाडीत ऐटीत बसू शकते, आणि ती चालवणाऱ्याची जन्मदाती फुटपाथवर उभी. आतेभावानं हे सगळं प्रामाणिकपणे समजावून सांगितलं, ही त्याची चूक. आत्यानं त्यानंतर दोन दिवस फोनवर प्रत्येकाला हे असंच सांगितलं.

मग तिनं माघार घेतली ती डब्यापुरती. "बरं, मी नको. लाडू तरी ने." तिथेही नियम आडवा. या पाट्यांवर मालवाहतूकही करायची नाही. गाडीची ताकद अजमावायला भरलेलं वजन, तिचे सुटे भाग, असं काहीबाही चालतं. बाळंतिणीचे लाडू त्या यादीत नाहीत. शेवटी लेकानं मनातल्या मनात निकाल दिला, की लाडू हे ड्रायव्हरचं दुपारचं जेवण आहे. लीड्सला पोचेपर्यंत त्याला भूक लागली नाही, आणि डबा तसाच राहिला, याला कोणता कायदा काय करणार?

खासगी मोटारीच्या विम्याचा तिथे एक नेहमीचा वर्ग असतो: सामाजिक, घरगुती आणि मौजेचा वापर. बाळंतिणीला लाडू पोचवणं यातल्या कशात धरायचं? आपल्या दृष्टीनं तिन्हींत. सामाजिक, कारण न गेल्यास बोल लागतो. घरगुती, कारण लाडू घरचे. आणि मौज म्हणाल तर चार तास गप्पा झाल्याशिवाय आत्या उठणार थोडीच? लाल पाट्यांच्या गाडीला यातलं एकही चालत नाही. तिनं निव्वळ धंदा करायचा.

गाडी पोचली की आतेभाऊ पुन्हा पायी. पाट्या सोडायच्या, पिशवीत घालायच्या आणि परतीची वाट धरायची. आता बऱ्याचदा रेल्वेचं तिकीट मिळतं, पण या धंद्यातली जुनी रीत वेगळी होती. मोटरवेला लागायच्या वळणावर किंवा मोठ्या चौकात उभं राहायचं आणि लाल अक्षरांची पाटी छातीशी धरायची. ती बघून ट्रकवाले थांबत. अंगठा दाखवून उभ्या राहणाऱ्या पोरांपेक्षा पाटीवाल्याला गाडी लवकर मिळे, कारण हा कामाचा माणूस, भटक्या नव्हे, ही ओळख त्या पाटीतच असे. अजूनही असे पाटीवाले अधूनमधून उभे दिसतात. आता यातला विरोधाभास बघा. जी पाटी गाडीला बांधली की कुणालाही फुकट नेता येत नाही, तीच हातात धरली की लोक आपल्याला फुकट नेतात. आणि समोरून दुसऱ्या कंपनीचा पाटीवाला गाडी घेऊन आला, तर कायद्याप्रमाणे त्यानं आपल्या या जातभाईला बघून न बघितल्यासारखं करून पुढे जायचं. प्रत्यक्षात किती जण तसं करत असतील, ते त्यांचं त्यांना माहीत.

मला विचाराल, तर नियम योग्य आहे. आत्याच्या कानावर हे जाऊ देऊ नका. नातेवाइकांना एकदा दार उघडलं की पाट्यांच्या एका जोडीवर अख्खं खानदान वर्षभर फिरलं असतं. रविवारी दुकानमालक समुद्रावर, सोमवारी मेहुणा सासुरवाडीला, आणि विचारलं की उत्तर तयार: गाडीची चाचणी चाललीये. कर भरणाऱ्या शेजाऱ्यानं मग काय पाप केलं?

आपल्याकडे हीच गोष्ट ट्रेड सर्टिफिकेटवर चालते, आणि रंग नेमके उलटे: लाल पाटी, पांढरी अक्षरं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली १९८९ साली जे केंद्रीय नियम झाले, त्यांच्या ४१ व्या नियमात पासिंग न झालेली दुकानदाराची गाडी कशाकशासाठी बाहेर काढता येईल याची यादी आहे. ती वाचताना करमणूक होते. वजनकाट्यावर न्यायला चालेल. बॉडी बांधायला, रंग द्यायला, दुरुस्तीला चालेल. रेल्वे स्टेशनवर, विमानतळावर, धक्क्यावर चालेल. प्रदर्शनाला चालेल. हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यानं ओढून आणलेली गाडी हलवायलासुद्धा चालेल. एवढा दूरवरचा विचार करणाऱ्यानं मागच्या सीटवर कोण बसेल याबद्दल मात्र मौन पाळलंय. दुकानाचा माणूस गाडीत हजर असावा, यावर भागवलंय.

हे मौन शहाणपणाचं आहे. इथे गाडी बघायला जाणं हा घरचा कार्यक्रम असतो. चालवणारा एक, पण शोरूमच्या काचेच्या दारातून आत येतात सहा. दुकानाचा पोरगा पुढे डावीकडे अंग चोरून बसतो आणि मागे चौघं कोंबली जातात. आजोबा म्हणतात, हॉर्न वाजवून दाखव. आजी चढताना दाराची कड धरते, "फार उंच आहे हो," म्हणते, आणि तिथल्या तिथे एक मॉडेल बाद होतं. मुलं काच खाली-वर करत राहतात. बायको आरशात बघून सांगते, रंग हा नको. इंजिनाबद्दल तोंडपाठ केलेलं सगळं त्या पोरग्याच्या घशातच राहतं. नियमवाल्यांनी इथे काम काय म्हणून विचारलं असतं, तर सहाही जणांनी एकदम उत्तर दिलं असतं, आणि ते खरंही असतं.

गाडी ठरली, की पासिंग झाल्याशिवाय, निदान तात्पुरता नंबर पडल्याशिवाय दुकानदारानं ती गिऱ्हाइकाच्या हवाली करायची नाही, असं लगेच पुढच्या, ४२ व्या नियमात आहे. म्हणजे हार, नारळ, चाकाखालचं लिंबू आणि त्यानंतर सगळ्यांना घेऊन थेट देवळात, हा जो आपला शिरस्ता आहे, तो ट्रेडच्या पाटीवर करायचा नाहीच. नंबर लागला की मग जितके मावतील तितके, म्हणजे पासिंगच्या कागदावर जितकी सीटं लिहिली असतील तितके. तोही एक नियम आहे, पण तो पाळला गेलेला मी तरी देवळाच्या वाटेवर पाहिलेला नाही.

तर तुमचं कुणी ब्रिटनमध्ये लाल पाट्या बांधून गाड्या पोचवत असेल, तर त्याला संकटात टाकू नका. सरळ रेल्वेचं तिकीट काढा. आत्या तेच करून शेफील्डला गाडी बदलून लीड्सला गेली, आणि जाताना नातीला बरोबर घेऊन गेली. तिथल्या रेल्वेत कुटुंब आणि मित्रमंडळींसाठी एक सवलतीचं कार्ड मिळतं. चार मोठ्यांपर्यंत भाड्यात एक तृतीयांश सूट, चार मुलांपर्यंत साठ टक्के. अट एवढीच, की पाच ते पंधरा वर्षांचं एक तरी मूल बरोबर हवं. त्याचं तिथे काय काम, हे कोणी विचारत नाही.