केक, सुकेळी आणि संकष्टी

बर्मिंगहॅम

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

रोज व्हिडिओ कॉल होत असताना पत्र कशाला, असं बाबा म्हणतीलच. कारण सोपं आहे. कॉलवर आगाशीहून सगळे एकदम बोलतात, त्यातलं कुणीतरी कायम छताचा पंखा दाखवत असतं, आणि माझं वाक्य क्रियापदापर्यंत कधी पोचत नाही. पत्राला मध्येच अडवता येत नाही. म्हणून छकुलीच्या पहिल्या वाढदिवसाच्या केकची हकिकत सलग लिहितो. आत्याला मोठ्याने वाचून दाखवा.

"साधासा केक कर," असं तुम्ही सगळ्यांनी बजावलंत. साधासा म्हणजे कसा, ते मात्र प्रत्येकाने निराळं सांगितलंत. आई म्हणाली, त्या दिवशी संकष्टी आहे, घरात अंडं फुटता कामा नये. आत्या म्हणाली, मैदा नको, पोट धरतं. गासच्या मावशींना तुम्ही मुद्दाम फोन जोडून दिलात. दर नाताळला त्यांच्या घरचा केक खाऊन वाढलेलो मी, फार आशेने ऐकत होतो. त्या म्हणाल्या, "अंडं नाही, मैदा नाही, तर मग बाबा, उपासाचं थालीपीठ लाव." आणि बाबांचं मत की केकबिक राहू दे, पाहुण्यांना कोंबडी-पोह्यांचं भुजिंग कर.

इकडची माणसंही मागे नव्हती. इथे सरकारतर्फे हेल्थ व्हिजिटर म्हणून बाई येतात, बाळाचं वजन-उंची बघतात, आईबापांना समज देतात. त्यांनी सांगितलं, दोन वर्षांपर्यंत वरून साखर नाही, मीठ जवळजवळ नाही, आणि वर्षाच्या आत मध तर अजिबात नाही. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. हे मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "तुझ्या जिभेवर मी सोन्याच्या अंगठीने मध लावला होता, तुला काय झालं?" या प्रश्नाला तुमची सून फार पटकन उत्तर देणार होती, मी तिला थांबवलं. मग आईने नवा मुद्दा काढला: आपल्याकडे तारीख साडेचार तास आधी लागते, म्हणजे आगाशीच्या हिशेबाने पोर आधीच वर्षाची झाली, घाल मध! एवढं कायद्याचं डोकं आपल्या घरात असताना वाडीच्या बांधाचा दावा अजून का चालू आहे, मला कळत नाही.

साखर नाही तर गूळ घाल, हीही सूचना आली. आई, गूळसुद्धा साखरच गं.

बिनअंड्याच्या केकचा प्रश्न मात्र याच गावाने सोडवला. आल्फ्रेड बर्ड नावाचा एक औषधविक्या इथे होऊन गेला. त्याच्या बायकोला अंडी सोसत नसत, म्हणून त्याने 1837 साली बिनअंड्याचं कस्टर्ड शोधून काढलं. आपल्या लग्नांतल्या फ्रूट सॅलडमध्ये असते ना, ती पिवळी पावडर, तिचा हा मूळपुरुष. बाईंना यीस्टही सोसत नव्हतं, म्हणून 1843 मध्ये बेकिंग पावडर. एक आम्ल, एक खार, दोन्ही कोरडे. ओलं झालं की एकमेकांवर तुटून पडतात आणि त्यातून निघणारा वायू पीठ फुगवतो. त्याच्या कारखान्याची जागा अजून कस्टर्ड फॅक्टरी म्हणूनच ओळखली जाते, आता तिथे दुकानं आणि ऑफिसं आहेत. हे फोनवर सांगितलं तेव्हा आई बाबांकडे वळून म्हणाली, "बघा, बायकोसाठी लोक काय काय करतात." बाबा म्हणाले, "त्याचं दुकान होतं. मला वाडी शिंपायची असायची."

गोडी आणली ती केळ्यांनी. इथल्या दुकानात वर्षभर एकाच जातीची केळी, सगळी एका मापाची, कॅव्हेंडिश. म्हणजे आपल्या बसराईची भावकीच. राजेळी, वेलची, मुठेळी असा काही भेद असतो हे इथे कुणाच्या गावी नाही. केळी साल काळी पडेपर्यंत ठेवली. केळं पिकतं तशी त्यातल्या पिष्टाची साखर होते, पण ती केळ्याने स्वतः केलेली, त्यामुळे हेल्थ व्हिजिटर बाईंची हरकत नाही. वर काकांनी आणलेली सुकेळी, आपली वाळवलेली केळी. शेजारच्या म्हाताऱ्या साहेबांनी वाळक्या पानातली ती गुंडाळी हुंगून पाहिली आणि विचारलं, "सिगार का?" मी एक सुकेळं हातावर ठेवलं. आता ते रोज माझी चौकशी करतात.

आत्यासाठी प्रमाण लिहितो. तीन पिकली केळी कुस्करून, चार-पाच सुकेळी कोमट पाण्यात भिजवून वाटून, अर्धी वाटी दही, पाव वाटी तेल, दीड वाटी कणीक, दीड चमचा बेकिंग पावडर, चिमटीभर सोडा, वेलची. कणीक घातल्यावर फार घोटायचं नाही, चिवट होतं. ओव्हन 180 अंशांवर आधी तापवायचा, पंख्याचा असेल तर 160, आणि पाऊण तासाच्या आसपास विणकामाची सुई खुपसून बघायची, कोरडी निघाली की झालं. आई कॉलवर विचारत होती, "वर निखारे ठेवलेस का?" हसू नका, प्रश्न बरोबर आहे. ओव्हन तरी दुसरं काय करतो? कोकणात काकडीचं धोंडस वर-खाली विस्तव ठेवूनच करतात, आणि त्यालाही अंडं लागत नाही.

मेणबत्ती विझवावी की नाही, हा वाद फोनवर मिटला आहे, इथे पुन्हा उकरत नाही.

औक्षण झालं, केक कापला. छकुलीने दोन्ही मुठींनी खाल्ला, उरलेला केसांना लावला, आणि ताटली काढून घेतली तेव्हा भोकाड पसरलं. इथली मित्रमंडळी "हेल्दी आहे हं" म्हणाली, म्हणजे कुणाला आवडला नाही. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात गेलो, तर तिघंजण स्वतःच्या तुकड्यावर साखर भुरभुरत उभे होते, त्यांत तुमची सून. आईने संकष्टी सोडायला केक कॉलवरच मागितला, पण तोवर तुमच्याकडे चंद्र उगवला नव्हता.

काकांना सांगा, पुढच्या माणसाबरोबर सुकेळी जास्त द्या. शेजारच्या साहेबांनाही हवी आहेत, ते पैसे देतो म्हणतात, मी घेणार नाही. बाबा, भुजिंग मात्र कुणाच्या बॅगेत घालू नका. बाहेरून मांस आणायला इथे बंदी आहे. पोहे वेगळे आणि कोंबडी वेगळी बांधली तरी बंदीच आहे.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा लेक